लाकडी नंदीचं कुळ

आंबागडचा किल्ला सातपुड्याच्या एका सोंडेवर बसला आहे. उत्तरेच्या डोंगरांतून वैनगंगेच्या खोऱ्याकडे उतरणाऱ्या वाटांवर नजर ठेवता यावी, अशी भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यातली ही जागा. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याच्या पदरच्या राजाखान पठाण या सुभेदारानं १७०० च्या सुमारास हा किल्ला बांधला असं मानलं जातं. पुढे तो नागपूरच्या भोसल्यांकडे आला. त्यांच्या काळात तिथं तुरुंग होता, आणि कैद्यांना आतल्या विहिरीचं नासकं पाणी प्यायला लावत, ही आख्यायिका या भागात अजून ऐकू येते.

किल्ल्याची एवढी हकिकत गॅझेटियरात मिळते. पण त्याच भागात भाद्रपद शुद्ध प्रतिपदेला मुलं दोरी बांधून ओढतात त्या लाकडी नंदीची हकिकत अशी एका जागी सापडत नाही. ती उत्खननांच्या अहवालांत, भोसले घराण्याच्या आठवणींत, जंगल कायद्यांत आणि सुतारांच्या हत्यारपेटीत विखुरलेली आहे. गडांवर पुस्तकं निघतात, तशी या चार चाकांच्या जनावराची दखल घ्यायला काही हरकत नाही. त्याचं कुळ गडाहून पुष्कळ जुनं आहे.

श्रावण अमावस्येला पोळा. विदर्भात त्याला मोठा पोळा म्हणतात, कारण दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. आदल्या संध्याकाळी खांदमळणी होते. वर्षभर जू वाहिलेल्या बैलांच्या खांद्यांना हळद आणि तूप किंवा लोणी चोळतात आणि त्यांना दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतण देतात. पोळ्याच्या दिवशी बैल धुऊन, शिंगं रंगवून, झूल आणि बाशिंग घालून गावाच्या आखरावर तोरणाखाली उभे राहतात. झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, म्हटल्या जातात, तोरण तुटतं, आणि बैल घरोघर पूजेला जातात. त्यांच्याबरोबर गेलेल्या सालदाराला बोजारा, म्हणजे पोळ्याची बक्षिसी, मिळतो.

दुसऱ्या दिवशी हे सगळं लहान मापात पुन्हा घडतं. पहाटे गावातली रोगराई बाहेर घालवायला नागपूरकडे मारबतीचा पुतळा काढतात, गोंदिया-बालाघाटच्या बाजूला नारबोद. ती गावाबाहेर गेली की दिवस मुलांचा. लाकडी नंदीला बेगड, फुलांच्या माळा, घुंगरू. त्याच्यासाठीही तोरण लागतं, पूजा होते, आणि पोरं दारोदार जाऊन बोजारा मागतात. पूर्वी नंदीची दोरी मुलग्यांच्याच हातात असे. आता मुलीही नटूनथटून नंदी घेऊन येतात, आणि हा बदल गावांनी फारशी खळखळ न करता स्वीकारला, ही चांगली गोष्ट झाली.

तान्ह्या पोळ्याचं श्रेय नागपुरात दुसऱ्या रघुजी भोसल्यांना दिलं जातं. त्यांची कारकीर्द १७८८ ते १८१६. बैलाचं मोल मुलांना लहानपणीच कळावं म्हणून राजानं हा सण सुरू केला, असं भोसले घराण्याची परंपरा सांगते. नागपूरच्या महाल भागातल्या भोसल्यांच्या वाड्यातून निघणारा माणसाहून उंच लाकडी बैल ही त्या परंपरेची आजची खूण. हा राजा मुलांच्या खेळात रमण्याइतक्या निवांत काळात जगला नव्हता. १८०३ मध्ये अडगावला त्याच्या सैन्याचा पराभव झाला, पाठोपाठ गाविलगड पडला, आणि देवगावच्या तहात कटक आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड हातचा गेला. खजिना आटला, रयतेवरचा सारा वाढला. ज्या रयतेच्या बैलांवर हा सगळा भार आला, तिच्या मुलांचा सण याच राजाच्या नावावर नोंदला गेला आहे.

राजानं सण सुरू केला हे मान्य करता येईल. खेळणं मात्र त्यानं शोधलं असं मानायला जागा नाही.

पूर्वेला छत्तीसगडात पोळ्याच्या दिवशी मुलांना ‘नांदिया बैला’ देतात. हा मातीचा किंवा लाकडाचा बैल चाकांवर चालतो. मुलींना मातीची जाती आणि चूलबोळकी मिळतात. छत्तीसगडही अठराव्या शतकात भोसल्यांच्या अमलाखाली होता, त्यामुळे ही चाल नागपूरहून तिकडे गेली असं म्हणणारा म्हणू शकतो. पण तिकडचा बैल मुख्यतः कुंभाराच्या हातचा आहे. त्याला दरबारी मिरवणुकीचा वास नाही, आणि तो प्रतिपदेची वाट न पाहता अमावस्येलाच घरात येतो. राजाच्या हुकुमानं पसरलेली चाल गावागणिक इतकी वेगळी होईल असं वाटत नाही. गोंडवनापासून महानदीपर्यंतच्या भातपट्ट्यात हे खेळणं आधीपासूनच घरोघर असावं आणि नागपूरच्या वाड्यानं त्याला दिवस, मिरवणूक आणि मान दिला असावा, हे जास्त पटतं.

चाकांवरच्या जनावराचा मराठी मुलखातला सगळ्यात जुना पुरावा तर थेट अहिल्यानगर जिल्ह्यात आहे. श्रीरामपूर तालुक्यातल्या दायमाबादला १९७४ मध्ये चार कांस्यवस्तू सापडल्या. बैलजोडी जुंपलेला रथ आणि त्यात उभा सारथी, एक हत्ती, एक गेंडा आणि एक रेडा. सगळ्यांचं मिळून वजन ६० किलोच्या वर. रेडा ज्या पाटावर उभा आहे त्या पाटाला चार चाकं आहेत, गेंड्याच्या पायाखालीही आस आणि चाकं आहेत. या वस्तूंच्या काळाबद्दल अभ्यासकांत वाद झाले. त्या उत्तर-हडप्पा काळातल्या, म्हणजे साडेतीन-चार हजार वर्षांपूर्वीच्या, असं मानणारे बरेच आहेत. इतकी जड वस्तू तान्ह्या पोरानं ओढायची नव्हे. ती मिरवायची असणार, पुजायची असणार. पण घडण पाहिली तर तुमसरच्या बाजारातला नंदी तिच्याच धाटणीचा आहे. जनावर पाटावर, पाटाखाली दोन आस, आसांना चार चाकं.

दायमाबादनंतर इनामगाव आठवतं. पुणे जिल्ह्यातल्या या ताम्रपाषाणयुगीन वसाहतीचं उत्खनन डेक्कन कॉलेजनं १९६८ पासून बरीच वर्षं केलं. तिथं एका घराच्या जमिनीखाली मातीच्या पेटीत एक शीर नसलेली देवी मिळाली, आणि तिच्यासोबत मातीचा बैल. वस्तू तीन हजार वर्षांहून जुन्या. घरात बैलाची छोटी मूर्ती जपून ठेवायची, ही सवय या मुलखाला केव्हापासून आहे त्याचा अंदाज यावरून येतो. दायमाबादचं कांस्य आणि इनामगावची माती टिकली म्हणून आपल्यापर्यंत पोचली. त्या काळी कुणी लाकडाचा बैल केला असेल, तर वाळवी आणि पावसानं त्याची खूण ठेवलेली नाही. भंडाऱ्यासारख्या पावसाळी मुलखात तर नाहीच नाही.

या मुलखाचा विचार केल्याशिवाय नंदी कळत नाही. आंबागडच्या आसपास गोंडांची जुनी वस्ती. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ च्या ग्रंथात पोवारांबद्दल लिहिताना त्यांची या भागातली वाटचालही दिली आहे. आधी रामटेकजवळचं नगरधन, मग आंबागड आणि चांदपूर. तलाव बांधण्यात हातखंडा असलेले कोहळी जिल्ह्याच्या दुसऱ्या भागांत पसरले. त्यांनी आणि इतरांनी बांधलेले जुने तलाव मालगुजारी गेल्यावर ‘माजी मालगुजारी’ झाले, आणि आज बोलताना सगळे त्यांना मामा तलाव म्हणतात. पाणी साठवायचं ते धानासाठी. आणि धानाच्या बांधीत चिखलणी करणं हे बैलाच्या वाट्याचं सगळ्यात कष्टाचं काम. जमीन गुडघाभर चिखलाची, वरून पावसाची झड, आणि जोडी दिवसभर नांगराला, मग फणाला. रोवणा उरकतो तेव्हा बैलाचा खांदा सोललेला असतो. पोळा येतो तो नेमका त्यानंतर. खांद्याला चोळलेलं तूप हे आधी औषध आहे, मग विधी. तान्ह्या पोळ्याला नंदीच्या लाकडी खांद्यालाही हळद लावणारं पोर हेच शिकत असतं.

नंदी करायचा वाढयानं. पूर्व विदर्भात सुताराला वाढई म्हणतात. वर्षभर तो नांगर, वखर, जू आणि बंडी यांची कामं करी, आणि त्याचा मोबदला सुगीच्या वेळी खळ्यावर धान्यात मिळे. पोळ्याच्या आधी शेतकऱ्याच्या घरी लहान मूल असलं, तर त्याच्यासाठी नंदी घडवणं हे या नात्यातच येई. त्यासाठी वेगळं लाकूड क्वचितच विकत घेतलं जाई. बंडीच्या किंवा दाराच्या कामातून उरलेला ठोकळा बाजूला ठेवलेला असे. ज्याला हात होता तो शेतकरी स्वतःही वाकस उचली. आजोबानं नातवासाठी केलेले, जरा बेढब पण पक्के नंदी जुन्या घरांच्या माळ्यावर अजून मिळतात. विकायला केलेल्या नंदीपेक्षा त्यांत मायेचा भाग जास्त दिसतो, असं म्हणायला हवं. मान जाड, पाय आखूड, पण वशिंडाचा बाक अगदी घरच्या बैलाचा.

लाकूड निवडण्यातच निम्मं काम होतं. सागाचा नंदी पिढ्यान्‌पिढ्या टिकतो, दर दोन-चार वर्षांनी रंग दिला की झालं. शिवणीचं लाकूड फिकट पिवळसर, हलकं, वाकसाला आणि पटाशीला नरम, आणि एकदा वाळलं की फारसं वाकत-फाटत नाही. लहान पोराला ओढायला हलका नंदी हवा, तर शिवणच बरी. सावर त्याहून हलकी, पण तिला कीड लवकर लागते. धड, मान आणि वशिंड एकाच ठोकळ्यातून काढतात. शिंगं वेगळी करून डोक्याला भोक पाडून बसवतात, कारण शिंगाचा बाक लाकडाच्या रेषेच्या आडवा गेला की पहिल्याच पडझडीत शिंग तुटतं. गळ्याखाली लोंबणारी पोळी नीट उतरली की नंदी बैलासारखा दिसतो. ती चुकली तर तो घोड्यासारखा दिसायला लागतो, आणि हे पोरांच्याही लगेच लक्षात येतं.

मग चाकं. नवशिका इथं हमखास फसतो. गोल फांदी घ्यावी, करवतीनं तिच्या चकत्या पाडाव्यात, की झाली चाकं, असं वाटतं. चकती ताजी असताना देखणी दिसते, वर्षावर्षाची वर्तुळं उमटलेली असतात. पण ओलं लाकूड वाळताना त्या वर्तुळांच्या दिशेनं जास्त आकसतं आणि गाभ्यापासून कडेच्या दिशेनं कमी. या ओढाताणीत चकतीला कडेपासून मध्यापर्यंत भेग जाते. म्हणून जाणता वाढई वाळलेल्या फळीतून, गाभा टाळून, चाक कापतो. मधलं भोक सामत्यानं पाडतो, आणि कड कानशीनं गोल करतो.

लाकडाची अंगठी करण्याच्या छंदाला लागलेल्यांनाही हीच अडचण वेगळ्या रूपात भेटते. फळीतून कापलेल्या अंगठीत दोन ठिकाणी लाकडाची रेषा अगदी आखूड राहते आणि तिथंच ती तुटते. म्हणून कुणी पातळ पट्टी वाफवून गुंडाळतं, तर कुणी रेषा एकमेकींना आडव्या येतील असे थर चिकटवतं. बोटातली अंगठी असो की नंदीचं चाक, लाकडातून वर्तुळ काढायचं तर रेषेचं ऐकावंच लागतं. बंडीच्या मोठ्या चाकात वाढयानं यावर तोड फार पूर्वीच काढली होती. मधे तुंबा, तुंब्यातून निघणारे आरे, त्यांना जोडणारे बाकदार तुकडे आणि सगळ्यांना आवळून धरणारी लोखंडी धाव. प्रत्येक तुकड्यात रेषा लांबीच्या दिशेनं जाते, म्हणून सगळं चाक भार सोसतं. नंदीच्या चाकात एवढी कारागिरी परवडत नसे, पण हात तोच होता.

रंग पूर्वी साधे. चुन्याचा पांढरा, गेरूचा तांबडा, काजळाचा काळा. नंदी बहुधा पांढराच रंगवतात. विदर्भाची गवळाऊ जातही पांढरी. हलक्या अंगाची, चपळ चालीची ही जनावरं मराठ्यांच्या काळात डोंगराळ वाटांवरच्या वाहतुकीसाठी जोपासली गेली असं सांगतात. आंबागडला सामान पोचवणाऱ्या बैलांत गवळाऊ असतील, तर नंदीच्या रूपात ती अजून तिथल्या अंगणांत फिरत आहेत असं म्हणता येईल.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वाढयाच्या ठोकळ्यावर नवा धनी आला. १८५३ मध्ये तिसरे रघुजी वारल्यावर डलहौसीनं नागपूरचं राज्य खालसा केलं. १८६५ मध्ये देशातला पहिला वन कायदा आला, १८७८ मध्ये त्याहून कडक, आणि १९२७ चा कायदा तर आजही लागू आहे. १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेचा मार्ग भंडारा आणि तुमसरवरून पुढे गोंदियाकडे गेला. रुळांखाली स्लीपर लागत, स्लीपरांना लाकूड. साग आणि बिजासारखं लाकूड सरकारी मोजमापाखाली गेलं. गावाला जळण आणि शेतीच्या अवजारांपुरतं लाकूड मिळावं म्हणून मध्य प्रांतात निस्ताराचे हक्क लिहून ठेवले गेले. नांगराला लाकूड लागतं हे कागदाला पटत होतं. पोराच्या नंदीला लागतं, हा रकाना त्या नोंदींत बसणारा नव्हता. मग नांगराच्या लाकडातूनच नंदीचा तुकडा निघत राहिला. त्यात १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी मध्य प्रांत पिळून काढला. माणसांचे हाल झाले, तशी गुरंही चाऱ्यापाण्यावाचून मेली. त्यानंतरच्या पोळ्यांना कितीतरी दारांत खरा बैल नसेल, फक्त लाकडी असेल, याची कल्पना करूनही गलबलतं.

शहरांत याच सुमाराला सण वेगळ्या अंगानं वाढला. नागपुरात काळी मारबत १८८१ पासून आणि पिवळी मारबत १८८५ पासून निघते. त्यांच्यासोबत निघणाऱ्या बडग्या नावाच्या पुतळ्यांनी राजकारणावर आणि समाजातल्या दुर्गुणांवर टीका करण्याचा मान मिळवला. वर्धा जिल्ह्यातल्या सिंदी रेल्वे या गावाचा तान्हा पोळा तिथल्या मोठमोठ्या लाकडी नंद्यांसाठी ओळखला जातो. त्यांची सजावट, देखावे आणि गर्दी बघायला दुरून माणसं येतात. या भव्य नंद्यांना आपली शान आहे. पण खेळण्याचा जीव त्याच्या लहानपणात असतो. तीन वर्षांच्या पोराच्या हातात मावेल एवढी दोरी आणि त्याच्या ताकदीनं हलेल एवढं वजन, हे माप ज्या कारागिराला साधलं त्याचं कौशल्य मोठ्या मूर्तिकाराहून कमी नाही.

खरा बैल आता भंडाऱ्याच्या बांधीतही विरळा होत चालला आहे. लोखंडी जाळीच्या चाकांचा ट्रॅक्टर चिखलणी करतो, मळणी यंत्रानं खळं उठवलं, आणि दावणीला जोडी पोसणं लहान शेतकऱ्याला झेपेना. शंकरपटानं, म्हणजे बैलांच्या शर्यतींनी, काही घरांत बैल राखला होता. त्यावर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली. २०२१ च्या शेवटी महाराष्ट्राला सशर्त परवानगी मिळाली, आणि २०२३ मध्ये घटनापीठानं राज्याचा कायदा ग्राह्य धरला. तरी पटाचा बैल वेगळा आणि नांगराचा वेगळा. वाढयाकडेही नांगराचं काम उरलं नाही. तो दारं-खिडक्या करतो, फर्निचर करतो, किंवा त्याचा मुलगा नागपूर-पुण्याला जातो. बाजारात प्लास्टिकचे आणि फायबरचे नंदी आले. ते स्वस्त आहेत, रंगीत आहेत, आणि पुढच्या पोळ्यापर्यंत त्यांची चाकं गेलेली असतात.

तरी तान्हा पोळा आटलेला नाही. गावात तोरणाखाली जिवंत जोड्या मोजक्या उरल्या, तिथंही दुसऱ्या दिवशी लाकडी नंद्यांची रांग लांब असते. शाळा आणि मंडळं सजावटीच्या स्पर्धा घेतात. नोकरी करणारी, हौसेनं सुतारकाम शिकणारी माणसं मुलांसाठी स्वतः नंदी करू लागली आहेत. ती वाढयाच्या घराण्यातली नाहीत, त्यांना लाकडाची रेषा चुकून-माकून कळते, पण ठोकळ्यातून वशिंड निघताना त्यांचा हात जसा सावकाश होतो तो पाहण्यासारखा असतो.

या नव्या हातांना जुन्या हातांची ओळख व्हायला हवी, आणि त्यासाठी फार वेळ उरलेला नाही. भंडारा जिल्ह्यातून १९९९ मध्ये गोंदिया वेगळा झाला तरी दोन्ही जिल्ह्यांतली ही कारागिरी एकच आहे. नागपूरचं मध्यवर्ती संग्रहालय, ज्याला सगळे अजब बंगला म्हणतात, १८६३ पासून या प्रदेशाच्या वस्तू सांभाळत आलं आहे. पण घरच्या नंदीची माहिती संग्रहालयाच्या कपाटात नाही, ती माळ्यावर आणि म्हाताऱ्यांच्या बोलण्यात आहे. तुमसर तालुक्यातल्या शाळांनी येत्या तान्ह्या पोळ्याला स्पर्धेच्या नोंदवहीत चार रकाने वाढवले तरी काम सुरू होईल. नंदी कुणी घडवला, कोणत्या लाकडाचा, कोणत्या वर्षी आणि कुणासाठी. जुन्या नंदीला नवा रंग चढवण्याआधी त्याचे फोटो काढावेत, पाटाखाली कोरलेलं नाव किंवा साल असलं तर उतरवून घ्यावं, आणि जे वाढई अजून हयात आहेत त्यांच्याकडून सामत्यानं चाकाचं भोक कसं पाडतात ते पोरांना समोर बसवून दाखवून घ्यावं.